देवमाशाचा वाटा

शुक्रवार, १० मार्च २०१७. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ओमानमधल्या बरक्याच्या एका शेतात धाऊ मेंगाळांनी पहिला बाण सोडला आणि खजुराच्या झाडाला टांगलेलं कलिंगड मधोमध फुटलं.

अंतर बावीस पावलं होतं. पावलं त्यांच्या धाकट्या मुलाने, उत्तमने मोजली होती. त्याच्या टांगा लांब, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर जास्तच असणार. बाण सोडणाऱ्याचं वय चौऱ्याहत्तर होतं आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता.

"लागला," धाऊ म्हणाले. चहात साखर आहे, असं सांगावं तितक्याच सुरात.

थोरली सून कलावती परात घेऊन पुढे झाली. अर्धं कलिंगड दोरीला लोंबत होतं, अर्धं खाली अंथरलेल्या चादरीवर पडलं होतं, आणि शेताच्या कडेने अर्बाबच्या, म्हणजे शेतमालकाच्या, चार शेळ्या वास घेत निघाल्या होत्या. तिने त्यांना हाकललं. शिकारीचे वाटे पडायच्या आत शेळ्यांनी तोंड घातलं असतं तर सासऱ्यांनी दुसरं कलिंगड टांगायला लावलं असतं, आणि घड्याळ तर पुढेच पळत होतं.

शिमग्याच्या आधीची शिकार मेंगाळांच्या घरात कधी चुकली नव्हती. एकोणीसशे शहाऐंशीत एका सशापायी तीन दिवस कोठडीत बसून आल्यावर धाऊंनी रानातल्या जनावरावर पुन्हा बाण धरला नाही. पण शिकार मोडली नाही. कर्जतच्या वरच्या वाडीत त्या वर्षी कोहळा टांगला गेला आणि दर वर्षी टांगला जाऊ लागला; डबे वाजवून हाकारणं आणि वाटे पाडणं तसंच राहिलं. गजेंद्र आणि उत्तम हे दोघे मुलगे ओमानला आले, तेव्हा प्रथाही त्यांच्याबरोबर आली. मस्कतमध्ये कोहळा मिळत नाही असं नाही. पण या खेपेला अल् खुवैरपासून बरक्यापर्यंत पाच दुकानं पालथी घालूनही तो मिळाला नाही. म्हणून कलिंगड. सहा आणली होती.

यंदा धाऊ स्वतः हजर होते. व्हिसा महिनाभराचा. विमानतळावर लांब गुंडाळी बघून अधिकाऱ्याने काय आहे विचारलं, तेव्हा गजेंद्र काचेपलीकडून हातवारे करत राहिला आणि धाऊंनी गुंडाळी सोडून दाखवली: मेसाच्या बांबूचा कमठा, दोरी उतरवलेली. अधिकारी वयस्क होता. त्याने कमठा हातात घेतला, वाकवून पाहिला, स्वतःच्या आजोबांबद्दल अरबीत काहीतरी सांगितलं आणि परत दिला. धाऊंना त्यातला एकही शब्द कळला नाही. "चांगला माणूस," एवढंच त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. "त्याचा आजा पण मारायचा."

बाण इथे बनले. बोरूच्या काड्या उत्तमने शेताच्या पाटाकडेने कापल्या, मागे कोंबड्याची पिसं बांधली, आणि टोकं गजेंद्रने अल अमेरातच्या वर्कशॉपमध्ये घासून दिली. तो तिथे फोरमन होता. ग्राइंडरवर पोलादाच्या मोठमोठ्या प्लेटा घासणारा माणूस त्या आठ बोटभर टोकांवर दोन संध्याकाळी बसला होता.

"दादा, वाटे पाड," उत्तम म्हणाला. "जहूरभाई येईलच वासाने."

"आलोय," मागून आवाज आला.

जहूर म्हसळ्याचा. बरक्याच्या मासळीबाजाराजवळ त्याचं दोर, जाळी, पाण्यावर तरंगणारे बोयरे यांचं दुकान होतं. मेंगाळांच्या शिकारीत, वाटेने जाताना जो शिकार पाहील त्यालाही एक वाटा मिळतो. जहूरला हा नियम अकरा वर्षांपूर्वी कळला होता आणि तेव्हापासून दर वर्षी नेमक्या या दिवशी त्याची वाट या शेतावरून जात असे.

"चाचा, काय नेम आहे," तो धाऊंना म्हणाला. "रस्त्यावरून पाहिला मी. अल्लाकसम, पाहिला."

"रस्ता पलीकडं हाय," धाऊ म्हणाले. "मधी भिंत हाय."

"आवाज पाहिला."

धाऊ हसले. वाटा मिळाला.

कलावती फोडी करत होती आणि तिचं लक्ष लेकीकडे, रेवाकडे होतं. सतरा वर्षांची पोर चादरीच्या टोकाला बसून कलिंगडाच्या बिया एकेक काढत होती. बिया काढून खाणारी ती नव्हे. तिच्या पाठीमागच्या पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक, तिचं चाकावरच्या तारांचं धनुष्य, ज्यावर ती चार वर्षं क्लबात सराव करत होती. दुसरी, चार पानी कागद, ज्यावर संध्याकाळी सहाच्या आत सही होऊन तो पाठवायचा होता. नाहीतर बोटीवरच्या यादीत दुसऱ्या मुलीचं नाव जाणार होतं.

कागदात काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सकाळपासून कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

शाळेत तिने एक प्रकल्प केला होता: धनुष्याने होणारी शिकार येत्या पंचवीस वर्षांत कशी बदलेल. तिच्या वर्गातल्या मुलांनी मोबाइल आणि रोबोंवर केले, हिने यावर. आजोबांशी फोनवर तासन्‌तास बोलून पहिला भाग लिहिला. दुसऱ्या भागात रबरी जनावरं, बाणाला लावलेले कॅमेरे, डोंगरातल्या जनावराला झोपवून औषध देणारे पशुवैद्य. आणि शेवटी देवमासे. प्रकल्प पाहायला आलेल्या डॉ. सुरैया ओमानच्या दक्षिणेकडच्या हलानियात बेटांजवळ देवमाशांचा अभ्यास करत. त्यांनी शेवटचं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, तू स्वतः धनुष्य चालवतेस का? त्यातून हा कागद आला. तीन आठवडे, बोटीवर, मदतनीस म्हणून.

गजेंद्र म्हणाला होता, "बाबा हो म्हणाले तर सही करतो."

कलावतीला हे वाक्य ऐकून राग आला होता. तो अजून उतरला नव्हता.

*

पावणेचारला विषय निघाला, आणि तो उत्तमने काढला.

"बाबा, तुमच्या नातीला समुद्रात पाठवतायत. ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मासा मारायला."

"मारायला नाही, काका," रेवा म्हणाली. "सॅम्पल घ्यायला."

"बाण मारूनच ना?"

"हो, पण..."

"मग तेच झालं." उत्तमने फोड तोंडात टाकली. तो चाळीसचा होता, याच शेताच्या मालकाची गाडी चालवायचा आणि घरात कमठा नीट चालवता येणारा एकटाच होता. गजेंद्रला ते कधी जमलं नाही. "आपल्या घरात बाईने कमठ्याची दोरी ओढलेली नाही. आता एकदम देवमाशावर. तेही तीन आठवडे, कोण कुठल्या माणसांबरोबर."

"माणसांत चार बायका आहेत," कलावती म्हणाली.

"वहिनी, मी माणसांबद्दल नाही बोलत. समुद्राबद्दल बोलतोय. जहूरभाई, सांग की. तुझे लोक समुद्रावरचे."

जहूरने दोन्हीकडे पाहिलं. तो उत्तमचा मित्र होता, पण चहा कलावतीच्या हातचा प्यायचा.

"समुद्र समुद्र आहे," तो म्हणाला. "माझा बाप देवमासा दिसला की हात कपाळाला लावून सलाम करायचा. जाळं आवरायचा आणि बाजूला व्हायचा. त्याला कोणी टोचलं नाही कधी."

"झालं?" उत्तम म्हणाला.

गजेंद्र शांतपणे सालं गोळा करत होता. बेचाळीस माणसांवर हुकूम चालवणारा हा माणूस वडिलांसमोर आला की सालं गोळा करायला लागतो, हे कलावतीने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात पाहिलं होतं.

"तुझं ते यंत्र दाखव," धाऊ अचानक म्हणाले.

रेवाने पिशवी उघडली. धनुष्य काळं, मधोमध वळलेलं, दोन्ही टोकांना चाकं, मधे तारांचं जाळं. धाऊंनी ते हातात घेतलं, चाकावर नख वाजवून पाहिलं.

"ह्याला चाकं कशाला? चालवत नेता का?"

"ओढा, आजोबा. पण सोडायचं नाही हं, बाण नसताना. हळू ओढा, मग हळूच परत."

धाऊंनी ओढलं. सुरुवातीला खांदा ताणला गेला, मानेची शीर उभी राहिली, आणि मग एकाएकी तार हलकी झाली. त्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी घाईघाईने तार परत सोडत आणली आणि धनुष्य चादरीवर ठेवून दिलं.

"मोडलं," ते म्हणाले. "गजा, पोरीचं मोडलं माझ्या हातनं. किती ओढलं मी?"

रेवा चादरीवर आडवी पडून हसायला लागली. कलावतीलाही हसू आवरेना. उत्तमने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"मोडलं नाही, आजोबा. ते तसंच असतं. पूर्ण ओढलं की सगळं वजन चाकं घेतात. तुम्ही फक्त धरून राहायचं."

"किती वेळ?"

"एक मिनिट. जास्त पण."

धाऊंनी पुन्हा उचललं. पुन्हा ओढलं. या वेळी ते धरून उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक संशय पसरला. खऱ्या नोटेसारखी हुबेहूब खोटी नोट हातात आल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा.

"हे बरं नाय," ते म्हणाले. "कमठा तीन दमांपेक्षा जास्त धरता येत नाय. तिसऱ्या दमाला हात थरथरतो. त्या थरथरीत माणूस ठरवतो, सोडायचा का नाय. इथं थरथरच नाय. मग ठरवणार कवा?"

 रेवाचं मराठी घरातलं, आणि घराबाहेरच्या गोष्टी त्यात सांगायच्या म्हणजे तिला शब्द शोधत जावं लागे.

"ठरवायला जास्त वेळ मिळतो ना, आजोबा. तीन दमांत सोडावाच लागतो. इथे... इथे नको असेल तर नको. आरामात खाली."

 धाऊंनी धनुष्य खाली ठेवलं, तारेवर एकदा बोट फिरवलं.

*

"क्लबात टार्गेट हलत नाही," उत्तम म्हणाला. "भिंतीला लावलेल्या कागदावर कोणीही मारेल. समुद्रात बोट हलणार, मासा हलणार. इथे हलतं मारून दाखव. मग बोल."

"भाऊजी, परीक्षा घेणारे तुम्ही कोण?" कलावतीने विचारलं.

"काका आहे."

"दाखवते," रेवा म्हणाली.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी व्यवस्था झाली. दुसरं कलिंगड त्याच खजुराला लांब दोरीने टांगलं. मागे पंपघरासाठी टाकलेला वाळूचा ढीग होता, बाण गेला तर तिथे जाणार. गजेंद्र काठीने कलिंगडाला झोका देणार आणि पळत बाजूला होणार. रेवा पिकअपच्या मागच्या हौद्यात पाय फाकवून उभी. उत्तम चालक. बैलगाडीची असते तशा खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेने त्याने गाडी हळू न्यायची होती. हळू म्हणजे किती, यावर पाच मिनिटं वाद झाला. शेवटी जहूरने तोडगा काढला: तो गाडीच्या बाजूने चालणार आणि गाडीने त्याच्या पुढे जायचं नाही.

"मी जेवलोय," त्याने ताकीद दिली. "मी जोरात चालणार नाही."

कलावती शेळ्यांना धरून उभी राहिली. माहेरी ती हाकाऱ्यात असायची. पोरी आणि बायका डबे वाजवत रानाच्या एका अंगाने चालायच्या, पुरुष पलीकडे कमठे घेऊन बसायचे. बाण लागला की नाही हे हाकाऱ्याला नेहमी शेवटी कळायचं. आज ती पहिल्यांदा समोरून पाहत होती.

गाडी निघाली. गजेंद्रने झोका दिला आणि फोरमनला न शोभेल अशा चपळाईने उडी मारली. रेवाने ओढलं, धरलं. गाडी खड्ड्यात गेली, वर आली. ती धरूनच होती. कलिंगड डावीकडे, उजवीकडे. सोडला.

बाण वाळूत गेला. कलिंगड झुलतच राहिलं.

"एक," खिडकीतून उत्तम ओरडला.

गाडी वळवून परत आणली. दुसऱ्या वेळी जहूर धापा टाकत होता. रेवाने ओढलं, धरलं, गुडघ्यांतून गाडीचा धक्का जिरवला आणि सोडला.

दोरी तुटली. कलिंगड झोक्याच्या भरात तिरकं उडालं, गजेंद्रच्या पायाशी येऊन आदळलं आणि त्याची पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली.

 मग धाऊंनी मांडीवर थाप मारली.

"पडली," ते म्हणाले. "शिकार पडली."

"पडली कुठे?" उत्तम गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरला. "बाबा, बाण दोरीला लागला."

"दोरीला लागला, पण मेलं कोण?"

"पडून मेलं."

"मग?"

"मग काय मग? कड्यावरून पडलेला रानडुक्कर आपला असतो का?"

"हाकारून पाडलेला असंल तर असतो," धाऊ म्हणाले. "तुझ्या आज्याने पाडलाय. मी वाटा खाल्लाय."

"जहूरभाई, तू सांग. दोरी तुझ्या दुकानातली."

"दोरी चांगली होती," जहूर म्हणाला. "आठ मिलीमीटर. बाणानेच तुटणार. पण मला दोन वाटे पाहिजेत. मी नुसता पाहणारा नाही, मी चाललोय."

गजेंद्र पँट झटकत उभा होता. "बाबा म्हणतात तर पडली," तो म्हणाला, आणि कलावतीला दिसलं की त्याला हेच हवं होतं. वडिलांच्या तोंडचा एक शब्द, ज्याच्या मागे उभं राहता येईल.

"मी दोरीवर नेम नव्हता धरला, आजोबा," रेवा हौद्यातून उतरत म्हणाली. "मी कलिंगडावरच धरला होता. चुकला. वीस सेंटिमीटर वर गेला."

"गप बस ना," कलावतीच्या तोंडून निघालं.

उत्तमने पुतणीकडे पाहिलं.  त्याला जिंकायचं होतं, पण हातात आयतं ठेवलेलं नको होतं.

"इकडं ये," धाऊ रेवाला म्हणाले. "कागद आण. वाच."

*

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. कलावतीने चहा ओतला आणि मोबाइल मांडीवर ठेवला, आकडे दिसतील असा.

रेवा इंग्रजी वाचून मराठीत सांगत होती, मधेच अडत होती, अडली की आईकडे पाहत होती. बोटीवर धनुष्य नसतं, क्रॉसबो असतो. म्हणजे आडवा कमठा, आजोबा, चाप ओढून सोडायचा. बाणाचं टोक पोकळ. बोटाच्या पेराएवढं आत जातं, कातडीचा एक तुकडा घेतं आणि बाण आपोआप बाहेर पडतो. पाण्यावर तरंगतो. तो जाळीने उचलायचा.

"आणि मासा?"

"जातो. कधी कधी शेपूट हलवतो. डास चावल्यासारखं."

"केवढा असतो?"

"ही गाडी... अशा तीन गाड्या."

धाऊंनी पिकअपकडे पाहिलं. "आणि तुकडा पेराएवढा."

"हो."

"मग ही शिकार नाय. हा चिमटा हाय."

जहूरच्या नाकातून चहा आला. उत्तमसुद्धा हसला, आणि हसताना गजेंद्रच्या शेजारी बसला, जिथे सकाळपासून तो बसला नव्हता.

"त्या तुकड्याचं काय करता?"

"त्याचे भाग करतात. एक इथल्या लॅबमध्ये ठेवतात, एक बाहेरच्या लॅबला जातो. त्यातून कळतं नर की मादी, कोणाचं कोण, आजारी आहे का. इथले हे देवमासे फार कमी उरलेत. शंभरही नसतील. ते कुठे जात नाहीत, इथेच राहतात."

"म्हणजे वाटे पडतात," धाऊ म्हणाले.

रेवाने मान डोलावली. "हो, पडतात."

"आपल्यासारखेच?"

"आपल्यासारखेच. फक्त खात नाहीत."

धाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. पुढचं त्यांनी हळू विचारलं, आणि कलावतीचा हात चहाच्या गाळणीवर थांबला. हा प्रश्न तिने माहेरच्या ओसरीवर, शिकारीच्या आदल्या दिवशी, प्रत्येक नव्या पोराला विचारला जाताना ऐकला होता. उत्तर चुकलं तर पोरगं त्या वर्षी हाकाऱ्यात.

"मादी हाय. संगं पिलू हाय. तुझा बाण लावलेला हाय. काय करशील?"

रेवाने कागदाची पानं उलटली. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"ते इथे लिहिलंय. लहान पिलू बरोबर असलं तर बाण नाही. लांबूनच फोटो. आणि एकाच माशामागे अर्ध्या तासापेक्षा जास्त जायचं नाही. तो बोटीपासून लांब जायला लागला तर सोडून द्यायचं."

"हे कागदावर लिहिलंय?"

"हो. छापलंय."

"कोणी लिहिलं?"

"डॉक्टरांनी. म्हणजे सगळ्या जगातले असे लोक मिळून लिहितात."

धाऊंनी कागद मागितला. त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, डाव्या डोळ्याने नीट पाहिलं.

"चोरलंय," ते म्हणाले. "आमच्याकडून चोरलंय आणि छापलंय. उत्तम, बघ. तुला मी हे शिकवताना छडी मोडली होती. आणि ह्यांच्याकडं छापील मिळतं."

"मला आठवतंय," उत्तम म्हणाला. "छडी शेवग्याची होती. ती लागण्याआधीच मोडली."

"तू उत्तर काय दिलं होतंस?"

उत्तमने कपातल्या चहाकडे पाहिलं. "मी म्हणालो होतो, आधी मादी, मग पिलू."

आता गजेंद्र हसला, मोठ्याने, आणि भावाच्या पाठीत थाप मारली. "दोन वर्षं हाकाऱ्यात होता," त्याने जहूरला सांगितलं. "बायकांबरोबर डबा वाजवायचा."

"आणि डबा चांगला वाजवायचे," कलावती म्हणाली. "आमच्या वाडीपर्यंत ऐकू यायचा."

उत्तमने सगळ्यांना हसू दिलं. मग रेवाकडे वळला. "बोट निघते कुठून?"

"हसीकहून. एकोणीसला सकाळी."

"म्हणजे अठराला तिथे पोचायला हवं. हजार किलोमीटर. जाणार कशी?"

"बसने सलालापर्यंत, मग टीमची गाडी..."

"माझी गाडी आहे," जहूर म्हणाला. "मला त्या बाजूला जाळी पोचवायचीच आहेत."

"तुझी गाडी?" उत्तमने कप खाली ठेवला. "वहिनी, याचे टायर पाहिलेत? हैमाच्या पुढे दीडशे किलोमीटर काही नाही. उंट आडवे येतात. याच्या गाडीचा एक दिवा खजुराच्या पानांवर उजेड पाडतो आणि दुसरा आभाळावर. मी नेतो. अर्बाबकडे दोन दिवस मागतो."

"तुम्ही तर नको म्हणत होतात," कलावती म्हणाली.

"अजूनही नकोच म्हणतोय. पण जाणारच असेल तर याच्या गाडीतून नाही."

धाऊ हे सगळं ऐकत होते, तोंडातल्या तोंडात हसत. गजेंद्रने त्यांच्याकडे पाहिलं. पाच वाजून चाळीस मिनिटं.

"बाबा, मग करू सही?"

"मला काय विचारतो? माझं नाव कुठं हाय त्यावर?"

"तुम्ही हो म्हणा म्हणजे..."

"गजा," धाऊ म्हणाले, "मी तुला ओमानला धाडलं तेव्हा कोणाला विचारलं नाय. माझा बा तेव्हा जिता होता. त्याला विचारलं असतं तर तू आज वाडीत असतास. मी नाय विचारलं. पोरगं माझं होतं."

गजेंद्र कलावतीकडे वळला. तिने पेन आधीच काढून ठेवलं होतं. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की ती काहीतरी बोलेल. गेल्या आठ दिवसांत तिने बरीच वाक्यं तयार ठेवली होती. त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"इथे आई किंवा वडील लिहिलंय," ती एवढंच म्हणाली. "जागा दोन आहेत."

दोघांनी सह्या केल्या. तिची मराठीत, त्याची इंग्रजीत. त्याच्या सहीशेजारी कलिंगडाचा एक गुलाबी डाग पडला. रेवाने चारही पानांचे फोटो काढले, एक हलला म्हणून पुन्हा काढला, आणि पाच वाजून चोपन्न मिनिटांनी ते गेले.

जहूरने आपले दोन वाटे पिशवीत घातले. उरलेली चार कलिंगडं कोणी टांगली नाहीत. धाऊंनी त्यांतलं एक शेळ्यांपुढे स्वतः फोडलं.

*

उत्तमने रेवाला १८ तारखेला संध्याकाळी हसीकला सोडलं. तो १९ला सकाळी परतायचा होता. पण बोट सुटून दिसेनाशी होईपर्यंत धक्क्यावर थांबला आणि मग वाटेत दर शंभर किलोमीटरवर कलावतीला फोन करत राहिला. बोट साडेसहाला सुटली, एकूण माणसं नऊ, रेवाने नारिंगी जॅकेट घातलंय, ते तिला दोन मापं मोठं आहे.

पहिले तीन दिवस बोटीवरचा फोन लागला नाही. २२ तारखेला डॉ. सुरैयांच्या ऑफिसमधून निरोप आला: तरंगत्या बोयऱ्यावरच्या सरावात रेवाचे बारापैकी नऊ बाण लागले, डॉक्टरांनी तिला बाण सोडणाऱ्यांच्या पाळीच्या यादीत घेतलं आहे. धाऊंनी बारातून नऊ वजा करून पाहिले आणि ते तीन कुठे गेले असं विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवार, २४ मार्च. सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी बोटीवरून उपग्रहामार्फत आलेला मजकूर ऑफिसने जसाच्या तसा कलावतीला पाठवला. एकटा नर. गात होता, आता वर आला आहे. अंतर तीस मीटर. समुद्र मध्यम. आज रेवाची पाळी.

अल अमेरातच्या घरात तो गजेंद्रने मोठ्याने वाचला, मग धाऊंना मराठीत सांगितला, मग उत्तमने फोन करून पुन्हा वाचून घेतला. जहूर दुकान बंद करून आला. कलावतीने डाळीला फोडणी दिली आणि गॅस बंद करून बाहेर येऊन बसली.

दुपारी साडेतीनपर्यंत पुढचा निरोप आलेला नव्हता. "हाकाऱ्याला शेवटीच कळतं," कलावती म्हणाली.